क्लीन एनर्जी रिसर्चची इंटर्नशिप : पैसे कसे उभे करायचे आणि पोरांपर्यंत वेळेत कसे पोचवायचे (कोकणातल्या कॉलेजांसाठी)

जानेवारी उजाडला की फोन सुरू होतात. "सर, आमच्या एमएस्सीच्या चार पोरांना सोलरमध्ये इंटर्नशिप करायचीय, स्टायपेंड कुठून मिळेल?" मी विचारतो काम काय आहे, तर ते ठरलेलं नसतं. कोणाच्या हाताखाली, तेही माहीत नसतं. पण अर्ज लिहून तयार असतो आणि खाली रक्कमसुद्धा टाकलेली असते. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, तिन्हीकडे हेच बघतोय, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवतोय. कॉलेजातले सर-मॅडम, माजी विद्यार्थी मंडळवाले आणि स्वतः पोरं, तिघांनीही वाचा.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पैसे मंजूर होणं वेगळं आणि ते मुलाच्या खात्यात पडणं वेगळं. आमच्याकडची राजापूर तालुक्यातली एक मुलगी बॅटरीच्या कामासाठी बाहेरच्या एका लॅबमध्ये गेली होती, काम आठ आठवड्यांचं, स्टायपेंड मंजूर, पत्र हातात. पाचव्या आठवड्यात ती परत आली. काय झालं विचारलं तर काही न बोलता तिनं पासबुक उघडून टेबलावर ठेवलं, शेवटच्या ओळीत शिल्लक २१२ रुपये. खोलीचं डिपॉझिट आईनं काजू-बी विकून भरलेलं, मेसवाल्यानं दुसऱ्या महिन्याचे आगाऊ मागितले आणि लॅबमध्ये कोणाला सांगायची तिला लाज वाटली. स्टायपेंड आला चौदाव्या आठवड्यात. तेव्हापासून आमचा नियम एकच, पैसा पोराच्या आधी पोचला पाहिजे.

पायरी १ : काम ठरवा, आणि ते कोणत्या महिन्यात होतं ते बघा

"सोलर एनर्जीवर अभ्यास" हे काम नाही, तो विषय झाला. काम म्हणजे असं काहीतरी, जे आठ आठवड्यांत मोजता येतं. समुद्राला लागून असलेल्या छतांवरच्या पॅनेलवर खारा थर बसून वीज किती कमी होते आणि धुतल्यावर किती परत येते. किंवा काजूच्या टरफलातलं तेल काढून झाल्यावर जी पेंड उरते तिचा कार्बन करून तो सोडियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडला चालतो का. किंवा कोकम आणि सुकी मासळी एकाच सोलर ड्रायरमध्ये वेगवेगळ्या वेळी वाळवता येतात का, वास राहतो का. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या बाजूला बर्फाचे कारखाने आहेत, त्यांचा दिवसभराचा लोड मोजून त्यातला किती सोलरवर जाऊ शकतो, हेही एका इंटर्नचं पूर्ण काम आहे.

आता महिना. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण युनिव्हर्सिटीची सुट्टी बघून तारखा ठरवतात आणि समुद्र, पाऊस, हंगाम कोणी बघत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या ६१ दिवसांत बोटीचा किंवा बर्फ कारखान्याचा डेटा घ्यायला गेलात तर नेहमीचा लोड सापडणारच नाही. ड्रायरची ट्रायल जूनमध्ये लावलीत तर पहिल्या आठवड्यातच आभाळ भरून येणार. पॅनेलवरचा खारा थर पावसात धुऊन जातो, तो मोजायचा तर पाऊस संपल्यावर ते मेपर्यंत. काजू-बी फेब्रुवारी ते मे.

सगळ्यात चांगलं जमतं ते असं की नमुने मार्च-एप्रिलमध्ये इथेच गोळा करायचे, सुकवून, नाव-गाव-तारीख टाकून डबाबंद ठेवायचे, आणि मशीनवरचं काम मे-जूनमध्ये लॅबमध्ये करायचं. म्हणजे पोरगं लॅबमध्ये पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने जात नाही.

एमएस्सीवाल्यांनी हेही बघा की दुसऱ्या सेममध्ये ओजेटीचे (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं शिक्षण) ४ क्रेडिट आहेत, म्हणजे साधारण १२० तास. इंटर्नशिप त्यातच बसवायची की वेगळी दाखवायची हे विभागप्रमुखांकडून आधीच लेखी घ्या, नंतर मार्कांच्या वेळी वाद नको.

*तपासा :* काम चार ओळींत लिहून बघा. काय मोजणार, कशाने मोजणार, किती नमुने, कोणत्या तारखेपासून. चारपैकी एक जरी उत्तर "बघू" असेल तर पुढच्या पायरीवर जाऊ नका.

पायरी २ : लॅब आणि मेंटॉर, आणि दोघांचं लेखी पत्र

कामाप्रमाणे लॅब शोधा, नाव ऐकून नको. सोलर सेल, मॉड्यूल यांचं काम असेल तर आयआयटी मुंबईत फोटोव्होल्टाइकचं राष्ट्रीय केंद्र आहे, २०१० पासून. बॅटरी, इलेक्ट्रोकेमिस्ट्रीसाठी तमिळनाडूत कराईकुडीची सीएसआयआरची सेक्री (केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था), मटेरियल आणि कॅटॅलिस्टसाठी पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), केमिकल इंजिनियरिंगसाठी माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था). सोलर टेस्टिंगला गुरुग्रामची नाइस (राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था) आणि पवनऊर्जेला चेन्नईची निवे (राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था). पण ड्रायर, बायोगॅस, गॅसिफायर असलं काम असेल तर एवढं लांब कशाला जायचं, दापोलीला कृषी विद्यापीठाचं कृषी अभियांत्रिकी कॉलेज आहे, लोणेऱ्याला बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. जवळची लॅब म्हणजे खोलीचा, प्रवासाचा खर्च निम्म्यावर येतो, आणि इंटर्न साइटवर पुन्हा जाऊन येऊ शकतो.

मेल एका प्राध्यापकाला एकच. चाळीस जणांना एकत्र पाठवलेलं मेल कोणी उघडत नाही. दहा ओळी पुरे : मी कोण, काम काय (पायरी १ च्या चार ओळी), तुमच्या लॅबमधलं कोणतं मशीन लागेल, तारखा, आणि माझे सर कोण. उत्तर आलं की चार प्रश्न नक्की विचारा : त्या तारखांना मशीन चालू आहे का, हॉस्टेल मिळेल का, टेस्टिंगचे पैसे वेगळे का, आणि ट्रेनिंग फी आहे का. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. काही लॅब स्टायपेंड देत नाहीतच, उलट विद्यार्थ्याकडून फी घेतात, आणि ते पोचल्यावर कळलं तर बजेट कोसळतं.

*सावधान :* व्हॉट्सॲपवर आलेलं "या, बघू काय ते" म्हणजे होकार नाही. लेटरहेडवर, तारखांसहित, सहीचं पत्र मिळेपर्यंत पैशासाठी अर्ज करू नका. पैसे देणारा पहिलं तेच मागतो.

पायरी ३ : बजेट, पोराच्या दिवसाप्रमाणे

बजेट करताना पोराला समोर बसवा आणि सकाळपासून रात्रीपर्यंत विचारत जा. उठणार कुठे, खाणार कुठे, लॅबला कशाने जाणार, नमुना कुठे टेस्ट होणार. खाली एका पोराचं आठ आठवड्यांचं नमुना बजेट देतोय, लांज्याहून पुण्याला जाणारं. रक्कम तुमच्याकडे वेगळी येईल, पण ओळी ह्याच ठेवा.

- स्टायपेंड : १०,००० × २ = २०,०००
- राहणं, कॉट बेसिसवर : ५,००० × २ = १०,०००
- मेस : ३,५०० × २ = ७,०००
- गावाहून दोनदा येणं-जाणं : २,४००
- रोजचा बस-रिक्षाचा खर्च : १,५०० × २ = ३,०००
- टेस्टिंग, ८ नमुने × १,५०० = १२,०००, वर १८ टक्के जीएसटी २,१६०, मिळून १४,१६०
- डबे, केमिकल, प्रिंट, कुरिअर : ३,०००
- अडीअडचण : ३,०००

एकूण ६२,५६०. खोलीचं डिपॉझिट ५,००० यात धरलेलं नाही, ते परत मिळतं म्हणून वेगळं लिहा, पण लिहा नक्की, कारण ते पहिल्याच दिवशी लागतं.

लोक विचारतात स्टायपेंड देतोय तर राहण्या-खाण्याचे वेगळे कशाला. तर मे महिन्यात कोकणातल्या घरात एक तरुण हात कमी झाला की काय होतं ते आठवा. आंबे उतरवायला, पेट्या भरायला, काजू-बी सुकवायला माणूस लागतं, आणि ते पोरगं त्या महिन्यात दुसरीकडे रोजावर गेलं तरी घरात चार पैसे येतात. स्टायपेंड हा त्या गेलेल्या कमाईचा मोबदला आहे. तो जर खोली आणि मेसमध्येच संपला तर ज्याच्या घरी बरं आहे तोच पोरगा इंटर्नशिप करू शकतो, बाकीचे फॉर्मच भरत नाहीत, आणि आपण म्हणतो पोरांना इंटरेस्ट नाही.

टेस्टिंगची ओळ कधीही गाळू नका. एक्सआरडी, एसईएम (नमुन्याची आतली रचना आणि पृष्ठभाग बघणाऱ्या तपासण्या) सगळीकडे नमुन्यागणिक पैसे पडतात. आय-स्टेम नावाचं सरकारी पोर्टल आहे, देशभरातल्या लॅबमधली मशीन तिथे शोधता येतात. बुकिंगआधी विचारा की विद्यार्थ्यांसाठी दर कमी आहे का आणि जीएसटी धरून सांगताय की सोडून.

*तपासा :* रुजू व्हायच्या पहिल्या दहा दिवसांत किती रोख लागेल ते वेगळं काढा. वरच्या उदाहरणात डिपॉझिट, पहिल्या महिन्याची खोली, मेस, प्रवास आणि वरखर्च मिळून साधारण १६,००० होतात. हा आकडा पायरी ७ मध्ये लागणार आहे.

पायरी ४ : कोणाच्या दारात जायचं, आणि कोणाच्या नाही

पहिलं दार होस्ट लॅबचंच. त्यांचा स्वतःचा समर प्रोग्राम असेल तर पैसे त्यातूनच येतात. बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची समर रिसर्च फेलोशिप देतात, तिथे विद्यार्थी स्वतः अर्ज करतो आणि शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. अर्जाची वेळ साधारण दिवाळीच्या आसपासची. जानेवारीत जागे झालात तर ते वर्ष गेलं.

दुसरं दार, तुमच्या किंवा होस्ट प्राध्यापकांच्या चालू रिसर्च प्रोजेक्टचं. इथे चूक ही होते की कन्झ्युमेबल्समध्ये (केमिकलसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तूंसाठी) पैसे उरलेत म्हणून त्यातून स्टायपेंड काढतात. मंजुरीपत्रात ज्या हेडखाली (खर्चाच्या प्रकाराखाली) पैसे आलेत त्यातच खर्च होतो. हेड बदलायचं असेल तर पैसे देणाऱ्या संस्थेची आधी परवानगी, नाहीतर ऑडिटमध्ये ती रक्कम प्राध्यापकांच्या अंगावर येते.

तिसरं दार सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाचं. यावर थोडं जास्त लिहितो कारण गैरसमज फार आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. शिक्षण आणि पर्यावरण दोन्ही त्या यादीत आहेत, म्हणजे आपला विषय बसतो. पण संस्थेमार्फत पैसे जायचे तर ती ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ ची (नफ्यासाठी नसलेली) कंपनी असावी लागते, आयकराची १२ए नोंदणी आणि ८०जी मान्यता असावी लागते, तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं आणि सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो. माजी विद्यार्थी मंडळाकडे बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. म्हणून प्रस्ताव कॉलेज चालवणाऱ्या मूळ संस्थेच्या नावाने करा, आणि तिचा सीएसआर-१ नंबर आहे का हे आजच ऑफिसात विचारा.

सीएसआरचंच आणखी एक, कंपनी आपल्या नेहमीच्या धंद्याचं काम सीएसआरमध्ये दाखवू शकत नाही. सोलर पॅनेल बसवणाऱ्या कंपनीला "तुमच्याच साइटचं मेंटेनन्स आमची पोरं बघतील" असं लिहून देऊ नका, तिथेच नकार येतो.

वेळेचंही बघा. इंटर्नशिप मे-जुलैची, म्हणजे पैसे एप्रिलपासूनच्या नव्या आर्थिक वर्षातले पाहिजेत. प्रस्ताव जानेवारी-फेब्रुवारीत पोचला तर नव्या वर्षाच्या आराखड्यात येतो. मार्चमध्ये उरलेले पैसे घाईने मिळाले आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा असं आलं तर ते मेच्या कामाला उपयोगी नाहीत, तसं स्पष्ट सांगा.

चौथं माजी विद्यार्थी. मुंबई-पुण्यातले आपले चाकरमानी मनाने देतात, पण दरवर्षी पूर्ण इंटर्नशिपचा खर्च त्यांच्याकडून मागू नका. त्यांच्याकडून एकदाच फिरता निधी उभा करा, बचत गटात असतो तसाच. पाच पोरांचे पहिले दहा दिवस निघतील एवढा, म्हणजे ८०,००० च्या आसपास. मंजूर पैसे उशिरा आले तरी पोरगं याच निधीतून निघतं, आणि पैसे आले की निधी पुन्हा भरतो.

*सावधान :* पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत, तीच २०२४ च्या बजेटमधली महिना ५,००० वाली, पूर्णवेळ शिकणारा विद्यार्थी बसत नाही आणि पदव्युत्तर झालेलाही बसत नाही. दरवर्षी एमएस्सीची पोरं तिथे फॉर्म भरण्यात दोन आठवडे घालवतात.

*सावधान :* एमटेकच्या पोराला गेट परीक्षेवरची एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) महिना १२,४०० ची स्कॉलरशिप मिळत असेल, किंवा पीएचडीवाल्याला जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) असेल, तर वर दुसरा स्टायपेंड चालतो का हे नियम बघून लेखी विचारा. नसेल चालत तर स्टायपेंडची ओळ काढा आणि राहणं-प्रवास-टेस्टिंग बिलाप्रमाणे द्या.

पायरी ५ : प्रस्ताव, दोन पानांत

जागतिक तापमानवाढीवर पहिलं पान खर्च करू नका, वाचणाऱ्याला ते माहीत आहे. पहिल्याच परिच्छेदात काम, जागा, तारखा, किती पोरं, किती पैसे. मग बजेटचं टेबल. मग हप्ते : पहिला ४० टक्के रुजू होण्याच्या सात दिवस आधी, दुसरा ४० टक्के चौथ्या आठवड्याच्या रिपोर्टवर, उरलेला २० टक्के शेवटच्या रिपोर्टनंतर. हप्त्यांची ही ओळ तुम्ही लिहिली नाहीत तर समोरचा स्वतःच्या सोयीने लिहितो, आणि ती सोय बहुतेक वेळा "काम पूर्ण झाल्यावर" अशी असते. सोबत लॅबचं पत्र, विभागप्रमुखांचं पत्र, संस्थेची कागदपत्रं.

कामाचा उपयोग कोणाला, हे एका वाक्यात आणि खऱ्या माणसाच्या नावाने नाही तर प्रकाराने लिहा : बर्फ कारखानदार, ड्रायर वापरणारे बचत गट, किनाऱ्यावरच्या शाळा.

पायरी ६ : निवड

नियम आधी लावा, नोटीस बोर्डावर. नुसता सीजीपीए नको. पायरी १ च्या चार ओळी पोराने स्वतः लिहिल्यात का ते बघा, त्यातच कळतं. घरची परिस्थिती हाही निकष ठेवा पण ती सगळ्यांसमोर विचारू नका. एक नाव वेटिंगला असू द्या.

पायरी ७ : खातं, आणि पैसे प्रत्यक्ष पोचणं

मंजुरी आली की मिठाई वाटण्याआधी पासबुकं गोळा करा. माझ्या अनुभवात निम्मा उशीर इथेच होतो.

बघायचं ते असं. खातं चालू आहे का, की दहावीच्या स्कॉलरशिपला उघडलं आणि दोन वर्षं व्यवहारच नाही म्हणून बंद पडलंय. लहानपणी उघडलेलं मायनर खातं असेल तर ते मेजर करून घेतलंय का. नाव आधारवर, पासबुकावर आणि कॉलेजच्या यादीत सारखंच आहे का, कारण वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि एकीकडे नुसतं आद्याक्षर एवढ्यावरूनही पैसे परत जातात. सरकारी पैसे थेट खात्यात येणार असतील तर खात्याला आधार नुसतं जोडलेलं पुरत नाही, एनपीसीआयला (बँकांमधली पैशांची देवघेव चालवणारी संस्था) मॅप झालेलं लागतं, बँकेत नेमका हाच शब्द वापरून विचारा. आणि ग्रामीण बँकेत खातं असलेल्या पोरांनी आयएफएससी नव्याने तपासून घ्या, कारण १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्यात, जुन्या पासबुकावरचा कोड बघून फॉर्म भरू नका.

मग प्रत्येक खात्यात एक रुपया पाठवा आणि पोराकडून मेसेजचा स्क्रीनशॉट मागवा. वेळखाऊ वाटतं, पण त्यानंतर पैसे अडकलेले मी पाहिले नाहीत.

*तपासा :* रुजू होण्याला सात दिवस उरले आणि पहिला हप्ता आला नाही, तर त्या दिवशीच फिरत्या निधीतून पायरी ३ मधला दहा दिवसांचा आकडा द्या. "उद्या येतील" म्हणून थांबू नका. पोराकडून सही घ्या की मंजूर रक्कम आली की एवढे निधीत परत जातील.

पायरी ८ : निघायच्या आधी

तिकीट. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि मेमध्ये कोकण रेल्वेला चाकरमान्यांची गर्दी असते, त्यामुळे लांब जाणाऱ्याने लॅबचं पत्र आलं की तारीख मोजून ठेवा.

विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती कव्हर देतो, पण त्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असं असतं. इंटर्नशिपच्या मधोमध ते संपतं, आणि मे अखेरीला खात्यात वीस रुपयेही नसले तर पुढे चालू राहत नाही. कॉलेजचा ग्रुप विमा असेल तर तो कॅम्पसबाहेर लागू आहे का हे पॉलिसीत वाचा.

सुरक्षा. लिथियम सेल, हायड्रोजन सिलिंडर, छतावरचं डीसी वायरिंग, यांत पोरांना एकटं काम करू देऊ नका, आणि हे लॅबला पाठवायच्या पत्रात लिहा. ऊन असताना पॅनेलच्या तारा मेन स्विच बंद केला तरी जिवंत असतात, हे साइटवर जाणाऱ्या प्रत्येकाला तोंडी सांगा.

आणि डेटा कोणाचा, पोरगं तो स्वतःच्या थिसिसमध्ये वापरू शकतं का, हे होस्टकडून आत्ताच लिहून घ्या.

पायरी ९ : चालू असताना, आणि हिशोब

दर दुसऱ्या शनिवारी पोराला फोन करा. पहिला प्रश्न कामाचा नको, "जेवलास का, खात्यात किती आहेत" हा असू दे. दोन्ही उत्तरं मिळाली की मग कामाचं विचारा. पोरं लॅबमध्ये बोलत नाहीत, घरी तर मुळीच सांगत नाहीत, पण सरळ विचारलं की सांगतात.

बिलं रोजच्या रोज फोटो काढून एका ग्रुपवर टाकायला लावा, मूळ बिलं पाकिटात. पावसात भिजलेली, शाई पसरलेली बिलं ऑडिटरला चालत नाहीत. टेस्टिंगचं बिल संस्थेच्या नावाने घ्या, पोराच्या नावाने नको. मेसवाला बिल देत नसेल तर पोराची सही असलेलं साधं व्हाउचर करा.

सरकारी अनुदान असेल तर शेवटी विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाले याचा दाखला) द्यावं लागतं, संस्थांसाठी जीएफआर १२-ए हा फॉर्म. खात्यात पैसे पडून राहिले आणि त्यावर व्याज मिळालं तर तेही दाखवून परत करावं लागतं, ते खर्चून टाकू नका. हे प्रमाणपत्र अडकलं की पुढच्या वर्षीचा हप्ता अडकतो, म्हणून पोरगं परत आल्यावर पंधरा दिवसांत हिशोब पूर्ण करा, गणपतीच्या आधी. एकदा गणपती आले की ऑफिसात सही करायला कोणी सापडत नाही.

खोलीचं डिपॉझिट सोडताना मालकाकडून तिथल्या तिथे परत घ्यायला सांगा, "नंतर पाठवतो" वर निघू नका. ते पैसे फिरत्या निधीत जमा करून पावती फाइलला लावा, पुढच्या मेमध्ये निघणाऱ्या पोराची पहिल्या दिवसाची खोली त्यातूनच घ्यायची आहे.